आतेभावाचं भांडणारं गणगोत

माझ्या आतेभावाइतका रागीट माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि झाला असेलच तर त्याच्याशी आतेभावाचं एकदा तरी वाजलेलं असणार. एसटी उशिरा आली तर तो कंडक्टरवर चिडायचा आणि वेळेवर आली तर "आज काय झालंन ह्यांना?" म्हणून चिडायचा. बंदर खात्यात कारकून होता. साहेब त्याला टपाल देऊन बाहेर पाठवायचे आणि तो परतेपर्यंत कचेरी निवांत काम उरकून घ्यायची. लग्न केलं नाही. "भांडायला घरात आई आहे, पुरे," म्हणायचा. आत्याही त्याला पुरून उरायची. पुढे अर्धांगवायूनं ती अंथरुणाला खिळली, तरी भरवताना ह्याचं तोंड चालूच. "गिळ गो आई, बघत काय बसल्येस?" हात मात्र असे हलके, की कूस बदलली तरी तिची झोप मोडत नसे.

त्याच सुमारास स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं. जगभरची मराठी माणसं एका साइटवर गप्पा मारतात असं त्याला कुणीतरी सांगितलं. हा गेला तो भांडायलाच. तिथं 'तिरफळ' असं टोपणनाव घेतलंन, माशाच्या आमटीतल्या झणझणीत मसाल्याचं. संध्याकाळी मी आत्याजवळ बसायचे तेवढ्यात तो तिकडे जाऊन कुणाशी तरी कडाकडा भांडायचा आणि अंघोळ करून आल्यासारखा ताजातवाना परतायचा. मुख्य वैर कॅनडातल्या एका नागपूरच्या बाईशी. "बांगड्याच्या आमटीत टोमॅटो घालत्ये ती बया," तो मला सांगे. "आणि वर जगाला लिहून कळवत्ये."

पावसाळा सरता सरता आत्या गेली. नातेवाईक जमले, आणि जो तो एकच वाक्य घेऊन आला होता. "सुटली हो बिचारी. आता तूही सुटलास." दाभोळच्या काकांनी ते म्हटलं तेव्हा आतेभाऊ उठला. "कोण सुटली? मी काय बांधून घातली होती तिला? चहा झाला ना? मग उठा." काका उठले. मला संकोच वाटला नाही. उलट माझाही संताप होत होता. इतकी वर्षं आत्याची कूस बदलायला ह्यांच्यातला एकही फिरकला नव्हता, आणि आता दारात उभं राहून सुटकेचे दाखले वाटत होते. उरलेले बसले ते पडवीत आंब्याच्या कलमांच्या भावाबद्दल बोलत.

दिवसकार्य झालं आणि घर रिकामं झालं. आतेभाऊ भांडेनासा झाला. कोळणीनं शिळे बांगडे दिलेन तेही ह्यानं निमूट पिशवीत घातले, तेव्हा मी घाबरले. जेवण तर नावालाच. शेवटी हाताला धरून त्याला स्टँडजवळ नेलं आणि शेजारी बसले. एका बोटानं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, त्यानं लिहिलं: 'आई गेली. आता भांडायला येणार नाही. सुटली म्हणालात तर याद राखा.'

दुसऱ्या दिवशी पडदा भरून उत्तरं आली होती. सुटली असं कुणीही म्हटलं नव्हतं. दुबईतल्या एकानं लिहिलं होतं, की वडिलांच्या अंत्यविधीला त्याला पोचता आलं नव्हतं, आणि हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. कॅनडावालीनं लिहिलं होतं, 'तिरफळ, प्रत्येक भांडणात तू "माझी आई म्हणते" असं लिहायचास. म्हणजे आम्ही सगळे तुझ्या आईशीच भांडत होतो. ती आम्हाला ठाऊक आहे. आणखी सांग.'

आतेभावानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इथल्या मेल्यांना आईची चौकशी करायला जीभ नव्हती," तो म्हणाला. "हिनं केलीन." आणि लिहायला लागला. त्या संध्याकाळी, आणि पुढं कितीतरी संध्याकाळी, तो आत्याबद्दल लिहीत राहिला.

एका रविवारी मंडणगडच्या एसटीनं, इंटरनेटच्या दुकानात घर विचारून, एक मास्तर आले. कुंपणाच्या बेड्यापाशीच थांबून म्हणाले, "मी तुम्हाला साइटवर गाढव म्हणालो होतो, तो." आतेभावानं त्यांना आत घेतलं. मास्तरांनी दुपारच्या गाडीपर्यंत आत्याच्या गोष्टी ऐकल्या. त्या दिवशी आतेभाऊ पोटभर जेवला, आणि भात मऊ झाला म्हणून माझ्यावर ओरडला. मला बरं वाटलं.

"आभार मान रे दादा त्या सगळ्यांचे," मी म्हटलं, तर भडकला. "आभार परक्यांचे मानतात." तरी लिहिलंनच, चार वेळा खोडून: 'तुम्ही सगळे हट्टी, आगाऊ आणि अर्धवट आहात. आईला तुम्ही आवडला असतात.'

काही वर्षांनी ती साइट बंद पडली. कुणाचा, अगदी मास्तरांचासुद्धा, पत्ता घ्यायचं ह्याला सुचलं नव्हतं, आणि सगळ्यांची नावं ह्याच्यासारखीच घेतलेली. हल्ली टीव्हीवर कुठल्याही देशातलं वादळ, पूर, भूकंप दिसला की हा आवाज मोठा करतो आणि बातम्या देणारीवर चिडतो. "तिथं आपलं कुणीतरी राहतं गो. ही नुसती गावांची नावं सांगत्ये, माणसांची नाही." बातमी संपेपर्यंत मी त्याच्याजवळ बसते. कुठलं नाव ऐकू यायला हवं, ते त्यालाही ठाऊक नसतं.