समुद्राच्या गाळातलं बिऱ्हाड

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. टीव्हीवर समुद्रातला एक किडा दाखवायले होते. वीतभर लांब, गुलाबी, ना डोळे ना पाय.

"बंद कर ते घाण," मी म्हणलं.

"थांबा की. काय करायलाय बघा तरी."

मी चौथी शिकलेला, समुद्र कधी बघितला न्हाई. पण शेंग हातातच राहिली. तो किडा समुद्राच्या तळाला गाळात बोगदा खणतो, दोन्ही तोंडं वर उघडी. आत बसून अंगाला हेलकावे देत पाणी ओढतो. चिकट जाळं लावतो अन् त्यात बारीकसारीक अडकलं की जाळ्यासकट गिळतो. मोठा तुकडा टाकून देतो. तो खायला त्याच बोगद्यात एक खेकडा अन् एक मासोळी राहतात. ओहोटीला बाहेर पाणी हटतं, ह्यांच्या घरात असतं. डोळे नसलेल्या जिवाला एवढी अक्कल! लय नवल वाटलं.

"घरमालक असावा तर असा," बायको म्हणाली.

टोमणा मलाच होता. उपकेंद्रात नवीन नर्सबाई आलती. एकटी बाई म्हणून आमच्या झरी गावात तिला कुणी खोली देईना. रोज परभणीहून बसनं यायची. आमच्या मागच्या खोलीत मी भाव यायची वाट बघत कापूस भरून ठेवलेला.

"लोक काय म्हणतील?" मी म्हणलं.

"त्या किड्याला हाड न्हाई, तरी लोकांना भेत न्हाई. तुमाला तर पाठीचा कणा हाय म्हणे."

"उद्या बघू."

पहाटे ती उठली न्हाई. झोपेतच गेली. सकाळी ड्युटीवर आलेल्या नर्सबाईनंच नाडी बघून सांगितलं. दुपारी शेतात अग्नी दिला. माझ्यापेक्षा शहाणी बाई होती. हे तिला तोंडावर कधी म्हणलो न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खोली उघडली अन् कापूस गाठोड्यात बांधून ओसरीत आणायला लागलो.

चुलतभाऊ धावत आला. "दादा, सुतक हाय. तेरावं होईस्तोवर काही हलवू नको."

"तेरा दिवस त्या बाईनं बसमधी उभं राहून यावं का?"

मग त्यानं गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. कापसानं अंगाला लय खाज सुटली. दहाच्या बसनं नर्सबाई आली अन् आमच्या दारावरून जाऊ लागली, तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

मी म्हणलं, "बाई, सामान कधी आणता?"