हातमोजे निर्दोष होते

"व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह," डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि माझे तळहात निरखून पाहिले. व्हीडीआरएल ही सिफिलिसची, म्हणजे उपदंशाची, रक्ततपासणी. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे लागण असल्याची खूण; टीपीएचए या दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं होतं.

मी मोहालीशेजारच्या शहरात, सेक्टर ३९मधल्या एका संस्थेत जिवाणूंवर पीएचडी करतोय. तळहातांवर तांबूस डाग उठले तेव्हा मी लॅबच्या हातमोज्यांना दोष दिला. तीन प्रकारचे हातमोजे बदलले, मलम चोळलं. डाग खाजत नव्हते, दुखत नव्हते, तळपायांवरही होते. पायात मी हातमोजे कधी घातले होते, हे काही डोक्यात आलं नाही. त्याआधी लिंगावर एक न दुखणारी जखम झाली होती. ती आपोआप भरली, म्हणून मी विसरलो. आजार मात्र आतच राहिला. जिवाणू शिकणाऱ्यालाच स्वतःच्या अंगातला जिवाणू कळला नाही; दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"दस्ताने बेकसूर हैं जी," माझी हातमोज्यांची कहाणी ऐकून मॅडम म्हणाल्या. "आप पक्का ठीक होंगे. लेकिन जिनसे संबंध रहा है, उन्हें भी बताना पड़ेगा."

दोन्ही कुल्ल्यांवर पेनिसिलिनची इंजेक्शनं घेतली. खूप दुखलं, पण ते सोसता आलं. भीती होती मुग्धाची. ती मोहालीत नोकरी करते, आमचं लग्न ठरलेलं. एका परिषदेला गेलो असताना तिथे भेटलेल्या एका मैत्रिणीशी संबंध आला होता, चूक माझीच. तिथल्या त्या मैत्रिणीला फोनवर कळवलं. मुग्धाला समोर बसवून सांगितलं.

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मला तुझा प्रचंड राग आलाय. तपासणी कुठे करायची ते सांग."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती आली. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी संसर्ग उशिरा दिसू शकतो म्हणून मॅडमनी तिलाही इंजेक्शन दिलं. बाहेर येताना ती लंगडत होती. मी हात पुढे केला, तिने धरला नाही. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

माझे डाग गेले. तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली, आजार उतरणीला होता. न दुखणारी जखम, न खाजणारे डाग दिसले तर माझ्यासारखे हातमोजे बदलत बसू नका. रक्त तपासा आणि जोडीदाराला सांगा.

मुग्धाने लग्न पुढे ढकललंय, मोडलेलं नाही. पुढच्या फेरतपासणीची तारीख मात्र तिनेच लक्षात ठेवलीय.