नाळेसाठी वाकडी बाभूळ

लाकूड घेणारा माणूस सरळ ओंडका शोधतो. आम्ही वाकडा शोधत होतो. सरळ सागाला व्यापारी असतात, वाकडी बाभूळ जळणाच्या भावात मिळते. होडीला मात्र तीच लागते. सरळ लाकूड कापून त्याला वाक दिला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तिथेच चीर जाते. झाडाने वाढतानाच वाक घेतला असेल तर लाटेने कितीही आपटलं तरी काही होत नाही. आमच्या धाकट्या डहाणूत हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. आता होड्या फायबरच्या, साच्यातून काढलेल्या. झाडाकडे बघायची गरज कुणालाच उरली नाही. मी अजून बघते. एसटीच्या खिडकीतून एखादी कोपरात दुमडलेली बाभूळ दिसली की मनात येतं, ही चालली असती.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. नवरा तोवर दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी होता. स्वतःची लहानशी होडी बांधायची असं ठरवून आम्ही खाडीच्या काठावर तळाचं लाकूड मांडलं होतं. सुतार उंबरगावकडचा होता, मराठी बोलता बोलता गुजरातीत जायचा. त्याच्या हाताखाली होड्यांची रांग लागलेली. त्याने मला सरळ सांगितलं, "बेन, शनिवारपर्यंत नाळ आणली तर मी इथे. नाही आणली तर सोमवारी मी पलीकडच्याच्या कामावर. मग दिवाळी."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं वर उचललेलं तोंड. ती एकाच लाकडाची हवी. आणि दिवाळीनंतर होडी पाण्यात जाणार म्हणजे नारळी पुनवेनंतरचा सगळा भरीचा धंदा हातचा गेला. नवरा तेवढे महिने पुन्हा दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढणार. मला ते नको होतं. त्यालाही नको होतं, पण तो बोलणाऱ्यांतला नव्हता.

सुताराने नाळेच्या मापाचा प्लायवूडचा फर्मा कापून दिला. माझ्या उंचीचा, मध्ये दुमडलेल्या हातासारखा. तो घेऊन मी तलासरीच्या पाड्यांवर निघाले. मीच, कारण तिथे मी अकरा वर्षं सुकी मासळी विकत होते. कुणाच्या बांधावर कुठलं झाड आहे हे तिथल्या तलाठ्याला नसेल इतकं मला माहीत होतं. गाडी दिराची पिकअप, मासळीचे टब वाहणारी. तिच्या मागे कोसबाडच्या एका वाडीवाल्याची चिकूचे क्रेट न्यायची दोन चाकांची ट्रॉली जोडायची होती, मागून घेतलेली. ट्रक सांगायची आमची ऐपत नव्हती.

दोन दिवस मी झाडांना फर्मा लावत फिरले. पाड्यावरच्या बाया काम सोडून बघायच्या.

"म्हावरेवाली, झाडाला झबलं शिवतेस का गं?"

"माप घेतेय. कापड तू दे."

"हिला ऊन लागलं, पाणी द्या हिला!"

पाणी खरंच द्यायच्या. गुरुवारी एका म्हातारीच्या बांधावर हवी तशी बाभूळ सापडली. म्हातारी माझं जुनं गिऱ्हाईक. चार हातांवर बाभळीने असा वाक घेतला होता की फर्मा टेकवला तर मध्ये बोट शिरेना. म्हातारीने ती जळणासाठीच ठेवलेली. भाव ठरला, वर पावसाळ्यापुरते बोंबील ठरले. मालकीचं झाड, कागदांचंही बघितलं. तोडायचं काम म्हातारीच्या जावयाने अंगावर घेतलं. मला मासळीच्या लिलावाला पोचायचं होतं म्हणून मी घाईत होते. निघताना त्याला बजावलं, "दादा, ट्रॉली आठ फुटांची आहे. त्यात मावेल असं करून ठेव." फांद्या छाटून ठेव, असं मला म्हणायचं होतं. फर्मा पिकअपमध्ये टाकून मी घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी नवरा, दीर आणि मी ट्रॉली घेऊन पोचलो. बांधाजवळ दोन ओंडके शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही सुरेख सरळ. साल काढून साफ केलेले.

जावई घाम पुसत हसत उभा. "वाकडा होता, ताई. ट्रॉलीत बसलाच नसता. बरोबर वाकावर कापला, दोन्ही सरळ करून टाकले."

नवरा बांधावर बसला. दीर काहीतरी बोलायला लागला, त्याला मी गप्प केलं. त्या माणसाने जन्मभर जे लाकूड तोडलं ते सरळ करण्यासाठीच तोडलं होतं, आणि मी त्याला ट्रॉलीची लांबी सांगितली होती, होडीची गोष्ट नाही. चूक माझी होती. तसं मी त्याला म्हटलं. तरी त्याचा चेहरा उतरला. "आता?" तो म्हणाला. "जोडता येत नाही?"

"नाही."

शुक्रवारचे नऊ वाजले होते. सुताराचा शनिवार दुसऱ्या दिवशी.

म्हातारी इतका वेळ फर्म्याकडे बघत होती. तिने तो पिकअपमधून काढला, आडवा धरला, उलटा धरला. मग मला म्हणाली, "तू वरती बघत हिंडतेस, बाय. असला वाक जमिनीत असतो." आणि चालू लागली.

ओहोळाच्या काठावर तिच्याच मालकीची दुसरी बाभूळ होती, मला येता-जाता दिसणारी, सरळ, म्हणून मी तिला कधी हातही लावला नव्हता. ओहोळाने एका बाजूची माती खाल्ली होती आणि तिचं जाडजूड मूळ उघडं पडून काठाबरोबर आडवं गेलं होतं. खोड उभं, मूळ आडवं, मधला वाक मुळातच धरलेला. फर्मा लावला. वरची बाजू बसली. खालची बाजू हातभर बसली, पुढचं मूळ मातीत होतं. ते तसंच पुढे गेलंय की खाली वळलंय, हे खणल्याशिवाय कळणार नव्हतं.

खणलं. मे महिन्याची माती, पहार मारली की ठणकन आवाज. जावई सगळ्यांत जोरात खणत होता, पाणी प्यायलाही थांबेना. मी साडीचा काष्टा मारून घमेल्याने माती उपसली. दुपारपर्यंत मूळ मोकळं झालं. ते दोन हात सरळ गेलं होतं आणि मग खाली वळलं होतं. आम्हाला दोनच हात हवं होतं.

कापून झालं तेव्हा खरी अडचण दिसली. सरळ ओंडका लोळवता येतो. हा लोळेना. एका कुशीवर वळवला की मुळाचा खुंट जमिनीत रुतायचा. मग दिराने ट्रॉली सोडवून काठाखाली नेली, चाकांना दगड लावले आणि तिची दांडी आभाळाकडे केली, म्हणजे मागची कड जमिनीला टेकली. पहारींनी ओंडका कडेवर चढवला, होडीच्या नायलॉन दोराने वर ओढून बांधला. आता दांडी खाली आली की ओंडक्यासकट ट्रॉली आडवी. पण दांडी खाली येईना. दांडीला दोर बांधून आम्ही चौघे लोंबकळलो तरी नाही.

तेव्हा त्या बाया आल्या. माप घेण्यावरून हसणाऱ्या. आधी खूप हसून घेतलं, मग एकेक करून दोराला लटकल्या.

"म्हावरेवाली, तुझे बोंबील खाऊन एवढंच वजन झालंय बघ!"

"अजून खा, अजून खा!"

दांडी हळूहळू खाली आली. ट्रॉली करकरली आणि आडवी झाली. बाया हसत हसत मातीत एकमेकींवर पडल्या. तो आवाज मला आजही हवासा वाटतो.

हायवेला लागलो आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागली. मागे लाल फडकं बांधलेलं, बाजूने ट्रकवाले हॉर्न मारत चाललेले. दिराने गाडी कडेला घेतली. मुळाचा जड भाग मागे राहिला होता. तिघांनी पहारीने वीत-वीत करत ओंडका पुढे ढकलला, पुन्हा बांधला, आणि बैलगाडीच्या चालीने चारोटीला उतरून डहाणूकडे वळलो. सगळ्या वाटेत नवरा एकच वाक्य बोलला. "बसेल ना?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, मी सुतार आहे का?"

दिवस मावळायच्या आत पोचलो. सुताराने बादलीभर पाणी ओतून मुळाची माती धुतली. लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने खालपासून वरपर्यंत ठोकून कान देऊन ऐकलं. फर्मा ठेवला. कानावरची पेन्सिल काढून मुळापासून खोडापर्यंत एकच रेघ ओढली, हात न उचलता. मुळाच्या टोकाला फर्मा दोन बोटं लाकडाबाहेर गेला होता.

"दोन बोटं कमी," नवरा म्हणाला.

"दिसतंय मला. तळाच्या लाकडाशी खालून जुळवून घेतो." सुताराने पेन्सिल परत कानावर ठेवली. "उद्या करवतीला दोन माणसं लागतील, बेन. सकाळी लवकर."

नवरा मागे वळून खाडीकडे बघत राहिला. मी ट्रॉली धुवायला घेतली, ती रविवारी परत द्यायची होती.

पुढच्या बाजाराला बोंबील घेऊन पाड्यावर गेले. ते दोन सरळ ओंडके जावयाच्या दारात होते, त्यांना मी हात लावला नाही. म्हातारी ओटीवर बसली होती.

"बसली का?" तिने विचारलं.

"बसली. दोन बोटं कमी पडलं."

"मग अजून खणायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि टोपली पुढे ओढून बोंबील निवडायला लागली, मोडके बाजूला टाकत.