खिडकीतला डबा

आमच्या थोरल्या जाऊबाई पडदे शिवतात आणि पोल डान्स शिकवतात. यातलं दुसरं ऐकलं की लोक पहिलं विसरून जातात. भुवया वर जातात, कुणी उगाच घसा खाकरतं, कुणी हळूच विचारतं, 'वय काय हो त्यांचं?' छप्पन्न. मी लगेच सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडातच राहतात. मी मुळातच तापट. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवता बसवता माझी सहनशक्ती निम्मी होते, उरलेली असल्या चौकशांवर कशाला खर्च करू?

खरं तर त्यांना या नादाला लावलं ते पडद्यांनीच. पंधरा वर्षांपूर्वी एका व्यायामशाळेतून बोलावणं आलं. रस्त्यावरचे लोक आत डोकावतात, जाड पडदे हवेत, असं. जाऊबाई टेप घेऊन गेल्या. आत पाच-सहा बायका उभ्या लोखंडी खांबांना पायांचा विळखा घालून, हात सोडून, मागे वाकलेल्या. जाऊबाईंनी खिडकीचं माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा चुकवलं. पुढे पडदे लागले, बाहेरच्यांना दिसायचं बंद झालं आणि या आतच राहिल्या.

घरात सांगितलं तेव्हा आमच्या सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. ते तसेही बोलत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "छत किती उंच आहे त्यांचं?" चार वर्षांनी जाऊबाईंच्या पडद्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांनीच दोन खांब बसवून दिले. एक घट्ट, जागचा न हलणारा. दुसरा बेअरिंगवरचा, फिरता. वर तुळईत बोल्ट पिळून झाल्यावर ते स्वतः खांबाला लटकले, खाली उतरले आणि म्हणाले, "चार माणसांचं वजन घेईल." आमच्या घराण्यात एवढं म्हणजे प्रेमपत्रच.

दर रविवारी दुपारी वर्ग. ती माडी म्हणजे पडद्यांचा कारखाना. दोरीवर अर्धवट शिवलेले पडदे टांगलेले, कोपऱ्यात मशीन, भिंतीला आरसा, आणि दोन खांब. पडद्यांतून ऊन आत येतं आणि त्या आठवड्यात ज्या रंगाचं काम असेल तो रंग जमिनीवर पसरतो. कधी सगळी खोली पिवळी, कधी शेवाळी. एकदा कुणा हॉटेलचे निळे पडदे होते, तेव्हा दोन आठवडे आम्ही पाण्याखाली असल्यासारख्या वावरत होतो. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तिथे त्यांना सगळ्या 'बाई' म्हणतात. बाईंचे नियम कडक. वर्गाच्या दिवशी अंगाला तेल, क्रीम काही लावायचं नाही, घसराल. अंगठ्या काढायच्या. गुडघे, मांड्या उघड्या हव्यात, कारण खांबाला धरून ठेवते ती कातडी, कापड नाही. आपलं चढून झालं की खांब आपण पुसायचा. आणि आपली पूड आपली. पूड म्हणजे हाताचा घाम शोषणारी पांढरी भुकटी. प्रत्येकीचा हात वेगळा, प्रत्येकीचा घाम वेगळा, म्हणून प्रत्येकीची डबी वेगळी. दुसरीच्या डबीत बोट घालायचं नाही. बाईंचा स्वतःचा डबा पत्र्याचा, एके काळी पडद्याच्या कड्या ठेवायचा. तो खिडकीत असे. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मी सुरुवातीला टॉवेल सांभाळायला जात असे. म्हणजे मी तसं सांगत असे. एके दिवशी बसवाली आली नव्हती. ही आमच्यातली सगळ्यात जुनी, शहराची बस चालवते, दंड असे की मला हेवा वाटतो. तिची पाळी रिकामी होती. बाई म्हणाल्या, "ये गं. टॉवेल पळून जाणार नाहीत."

फिरत्या खांबाला मी हात घातला, एक पाऊल टाकलं आणि त्यांनी सांगितलं तसे दोन्ही पाय उचलले. वीतभरच. आणि खोली निघाली. खिडकी गेली, आरसा आला, मशीन, जाऊबाई, पुन्हा खिडकी. मी काहीच करत नव्हते. पडदे सावकाश जवळून जात होते, जमिनीवरचा केशरी रंग फिरत होता, मी मात्र एका जागी होते. त्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तिसऱ्या फेरीला ते गिऱ्हाईक बाई होतं की बुवा तेही मला आठवेना.

तेव्हापासून मला ही बाई खरी कळली. जाऊ म्हणून वीस वर्षं ओळखत होते, ते निराळं.

दोन वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाचा मखमली पडदा चढवताना दोर सुटला आणि सगळा भार त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. दवाखान्यात मीच नेलं. खांद्याच्या आतला स्नायू फाटला होता. डॉक्टर म्हणाले, शिवणकाम करा, स्वयंपाक करा, पण या हातावर अंगाचं वजन टाकायचं नाही. कधीच नाही. जाऊबाईंनी शांतपणे मान हलवली. रिक्षात बसल्यावर मात्र माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

"पोरींना सांगायचं नाही."

"अहो वहिनी, पण..."

"जिला स्वतःला चढता येत नाही तिनं दुसरीला काय शिकवायचं? ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवशी माडीला कुलूप."

त्या बोलतात तसं करतात. कुलूप लागलं तर ही बाई खाली मशीनवर मान घालून बसेल आणि पुन्हा वर बघणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. मला रडू आलं. मी ते त्यांच्यावर खेकसून भागवलं.

मग त्या तोंडानं शिकवू लागल्या. आधीही सांगतच असत, पण आता डोळे मिटून. स्टुलावर बसायचं, उजवा हात मांडीवर, आणि आवाज वर जायचा. "आता पोटरी पुढे, पाऊल मागे. गुडघ्याची खोबण शोधा. सापडली? बसा तिच्यात. आता वरचा हात सोडा. अगं सोड म्हणते ना! खांब तुझी काळजी करतोय, तू कशाला करतेस?" बोलता बोलता त्यांची मान हळूहळू मागे जायची, पायाचा अंगठा ताणला जायचा. त्या स्टुलावर नसतच. आम्हांला करून दाखवायच्या तेव्हापेक्षा आता जास्त नीट कळत होतं, हे मी कबूल करते. दातांची डॉक्टरीण सहा वर्षं उलटं व्हायला घाबरत होती, ती त्या आवाजाच्या जोरावर एका दुपारी उलटी झाली आणि वरूनच हसत सुटली.

पण डबा. सगळ्यांच्या डब्या महिन्याभरात तळाला जात आणि बाईंचा डबा भरलेला तसाच. कुणी सहज झाकण उघडलं की संपलं! म्हणून मी नियम मोडला. दर रविवारी लवकर जाऊन त्यातली चिमूटभर पूड काढायची आणि खिडकीतल्या कुंडीत टाकायची. कुंडीतलं झाड बिचारं आधी पांढरं पडलं, मग वाळलं. जाऊबाईंना वाटलं ऊन लागलं.

दीड-पावणेदोन वर्षं बरं चाललं. मग माझ्या लक्षात आलं, पूड मी काढते त्याहून वेगानं खाली जातेय. म्हणजे या चोरून चढतात! डॉक्टरांनी बजावलंय, खांद्याची वाट लागेल, आणि ही बाई... एका बुधवारी दुपारी दुकानातून सुटी काढून मी पाऊल न वाजवता जिना चढले. चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवूनच.

दार अर्धवट उघडं होतं. त्या फिरत्या खांबापाशी उभ्या होत्या. दोन्ही पाय जमिनीवर. कपाळ खांबाला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि त्या अगदी सावकाश, पावला-पावलानं खांबाभोवती फिरत होत्या. पडद्यांचा हिरवा उजेड चेहऱ्यावरून सरकत होता. हातांना पूड नव्हती. मी तशीच मागे फिरले. घरी जाऊन कुणावर ओरडावं ते सुचेना.

मग पूड कोण खात होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवी आली. पोरगी चोवीस-पंचविशीची, शाळेत जिम्नॅस्टिक्स केलेली, अंगात नुसती वीज. चुणचुणीत आणि तोंडानं सैल. तिसऱ्याच रविवारी सगळ्या जमलेल्या असताना ती म्हणाली, "बाई, एकदा तुम्ही करून दाखवा ना. मी अजून तुम्हांला वर पाहिलंच नाही."

भाऊजी त्या दिवशी बेअरिंगला तेल द्यायला आले होते. त्यांचा हात शिडीवर थांबला. मी टॉवेलांची घडी मोडून पुन्हा घातली.

जाऊबाई उठल्या. "दाखवते की," म्हणाल्या, आणि वेळ काढायला म्हणून खिडकीकडे गेल्या. पूड लावायची, हात चोळायचे, तेवढ्यात काहीतरी सुचेल, असा त्यांचा हिशेब असणार. त्यांनी डबा उचलला. हलका लागला असावा, कारण त्या थबकल्या. झाकण काढलं.

डबा रिकामा होता. तळाचा पत्रा चमकत होता.

त्यांनी डब्यात पाहिलं, मग आमच्याकडे. बसवाली पायाची नखं बघत होती. डॉक्टरीण छताकडे. बाकीच्यांचेही डोळे कुठे कुठे. मी त्यांच्या नजरेला नजर द्यायला गेले आणि वाटेत भाऊजींचा पँटचा खिसा दिसला. खिशाची कड पांढरीफटक होती.

म्हणजे सगळ्याच पूड काढत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. आणि नवी आल्यापासून, ती डबा उघडून बघेल या धास्तीनं, जिनं तिनं दुप्पट काढली होती.

"दोन वर्षं मी या डब्यात बोट घातलेलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "किती दिवसांपासून माहीत आहे?"

बसवाली म्हणाली, "बाई, तुम्ही खिडकीची वरची कडी डाव्या हातानं काढायला लागलात ना, तेव्हापासून."

"म्हणजे पहिल्याच रविवारी."

"हो."

माडीची किल्ली मशीनवर पडली होती. जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं आता धावत जाऊन ती गिळून टाकावी.

"मग ही दोन वर्षं तुम्ही शिकलात कुणाकडे?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं; त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

डॉक्टरीण चिडली. ती चिडल्यावर तिचा आवाज बारीक होतो. "कुणाकडे म्हणजे? मी उलटी झाले ती कुणाच्या सांगण्यावरून? तुमच्याकडेच की, बाई!"

नवी रडकुंडीला आली होती. "मला कुणी काही सांगितलंच नाही हो," ती म्हणाली आणि काय करावं ते न सुचून तिनं आपली डबी उघडून पुढे धरली. मग बसवालीनं धरली. मग डॉक्टरणीनं, मग एकेक करत सगळ्यांनी. भाऊजींनी खिसा चाचपला आणि ओशाळून हात बाहेर काढला.

जाऊबाईंनी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. नवीच्या डबीतली एक चिमूट घेतली आणि डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्यानं चोळली, बराच वेळ. मग फिरत्या खांबाकडे गेल्या. डाव्या हातानं खांब धरला, गुडघ्याची खोबण लावली, उजवा हात पोटाशी घेतला आणि पाऊल उचललं.

वीतभरच. मी पहिल्यांदा गेले होते तेवढंच. खांब फिरला आणि त्या त्याच्याबरोबर निघाल्या, डोक्यावरचे पांढरे केस, ताणलेला अंगठा, मिटलेले डोळे. पडदे त्या दिवशी जांभळे होते. एक फेरी, दुसरी, तिसरी. पाचव्या फेरीला त्यांनी डोळे उघडले आणि आम्हांला एकेकीला पाहत पाहत गेल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी रडत होते, आणि या वेळी कुणावर खेकसले नाही.

पाय जमिनीला लागल्यावर त्या म्हणाल्या, "हं. खांब कोण पुसणार, मी? चला, रांग लावा."

वर्ग संपला. सगळ्या जिन्यावर पायात चपला सरकवत होत्या. मी जीव मुठीत धरून मागे उभी राहिले. जाऊबाईंनी दाराला नेहमीसारखं कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी जरा लवकर ये," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खिडकीची वरची कडी तू काढ. मला उजव्या हातानं नाही जमत."