समोरच्या दोन दातांमधली फट

कवळीवाल्याचा स्वभाव मुळातच जळका. लहानपणी थोरल्या भावाला गोवर आला आणि सगळं घर त्याच्या उशाशी बसलं, तेव्हा हा कोपऱ्यात रुसून बसला, की मला का नाही आला? मोठेपणी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायला लागला, तर तिथेही तेच. दात याने मान मोडून बसवायचे आणि आरशात हसून पेशंटने आभार मानायचे ते डॉक्टरांचे. तीस वर्षं झाली तरी कवळी डब्यात घालून पाठवताना त्याच्या पोटात दुखायचंच.

लग्नबिग्न काही झालं नाही. माझं म्हणावं असं त्याच्याजवळ एकच होतं, तेही चोरीचं. लॅबमधल्या प्लास्टरच्या पोत्यात सापडलेलं मांजरीचं पिल्लू. पांढरंशुभ्र म्हणून हौसेनं घरी आणलं, धुतलं तर करडं निघालं. पण तोवर जीव जडला होता. नाव ठेवलं बाईसाहेब. भाडेकरारातलं सातवं कलम अगदी स्पष्ट होतं: प्राणी पाळल्यास घर खाली करावं लागेल. त्यामुळे बाईसाहेबांचा संसार गुपचूप चालायचा. वाळूचा ट्रे न्हाणीघरात बादलीच्या आड, पाण्याची वाटी ओट्याखाली, आणि कपड्यांवरचे केस काढायला दारामागे चिकटपट्टी.

वरच्या मजल्यावर कवायतबाई राहायच्या. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. घर स्वतःच्या मालकीचं, त्यामुळे कसलं कलम नाही की करार नाही. त्यांची वरची कवळी यानेच केली होती. "समोरच्या दोन दातांत फट ठेवा हं," त्यांनी बजावलं होतं. "माझी होती तशी. त्या फटीतून शीळ घालून मी अख्खं मैदान गप्प केलंय." लोक मोत्यासारखे दात मागतात, ही बाई फट मागत होती. त्याने मन लावून ठेवली. कवळी बसल्यावर बाई डॉक्टरांना सोडून याच्या दारात शाबासकी द्यायला आल्या होत्या.

त्या फटीनेच घात केला. एका सुट्टीच्या सकाळी, एरवी तो कामावर निघतो त्या वेळेला, बाईसाहेब त्याच्या मांडीवर लोळत होत्या. वरून बारीक शीळ आली. बाईसाहेबांचे कान ताठ झाले, आणि बघता बघता त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पाइपावरून वर पसार. पाठोपाठ बाईंचा आवाज आला, "आलीस का गं ठमी?"

ठमी! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण दोन वर्षं चोरासारखं राहायचं आणि हिने गॅलरीत राजरोस लाड करायचे? आणि बोलवायचं कशातून, तर आपणच केलेल्या दातांतून! तेव्हापासून कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी तो मांजरीचं डोकं हुंगायचा. बाईंच्या पावडरीचा वास आला की त्या दिवशी घास गोड लागायचा नाही.

मग एकदा बाईंची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. चीर नेमकी फटीतून गेली होती. बाई पदराआड तोंड धरून खाली आल्या आणि तुकडे त्याच्या हातात देऊन गेल्या. जोडायचं काम तासाभराचं. पण त्याने लॅबमध्ये बसून समोरचे दोन दात काढले आणि जरासे रुंद दात बसवले. एकमेकांना चिकटून, फटीचा मागमूस नाही. इतकी देखणी कवळी त्याने जन्मात केली नव्हती. "फटीमुळेच तडकली, म्हणून बुजवली," असं त्याने ठोकून दिलं. बाई कवळी घेऊन वर गेल्या.

पुढचा आठवडा त्याच्यासाठी स्वर्ग होता. शीळ बंद. मांजरीच्या डोक्याला पावडरीचा वास नाही. उलट संध्याकाळी दार उघडताच ती पायांत अशी घुटमळायची, की चपला काढणं मुश्किल व्हावं. कशी ओळखली माझी किंमत, असं तो तिला ऐकवायचा.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात घरमालक.

"आठवडाभर तुमच्या घरात दिवसा मांजर केकाटतंय," ते म्हणाले. "शेजाऱ्यांचा फोन आला. सातवं कलम वाचलंय ना?"

तो उत्तर जुळवत होता, तोवर बाईसाहेब डुलत डुलत आल्या आणि टुणकन त्याच्या खांद्यावर चढल्या. घर जाणार, हे त्याला लख्ख दिसलं.

आवाज ऐकून कवायतबाई जिना उतरून आल्या. त्यांनी ओठ मुडपून फुंकर मारली. नुसती हवा निघाली. मांजर ढिम्म. मग त्या सरळ पुढे आल्या. "माझी ठमी आहे ती. खिडकी उघडी दिसली की घुसते मेली. आणा इकडे."

बाईसाहेबांनी नखं त्याच्या स्वेटरमध्ये रुतवली. एकेक नख त्याला स्वतःच्या हाताने सोडवावं लागलं. आणि मालकांच्या देखत म्हणावं लागलं, "न्या बाई तुमची मांजर."

"खिडक्या लावत जा," असं बजावून मालक गेले.

दुपारी बाई मांजर घेऊन खाली आल्या. तिला त्याच्या पलंगावर सोडलं.

"तुम्ही कामावर गेलात की ही दाराशी बसून रडते," त्या म्हणाल्या. "अख्खा जिना ऐकेल असं. म्हणून वर बोलावून घ्यायचे. तुम्ही यायच्या वेळी परत खाली पळायची."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगून काय झालं असतं? नोकरी सोडून तुम्ही दाराआड बसला असता." त्यांनी रुमालात कवळी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. बोबड्या तोंडाने म्हणाल्या, "शाळेत आयुष्य गेलं माझं. खोडी कुणाची, ते कळतं मला. फट होती तशी करा."

तो कानकोंडा झाला. लॅबमध्ये जाऊन त्याने यंत्राला घासायची बारीक चकती लावली आणि त्या दोन देखण्या दातांच्या मध्ये हलक्या हाताने फट पाडली. कवळी नेऊन दिली तेव्हा बाईंच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो जिन्यात मुद्दाम थांबला. दाराआडून रडं सुरू झालं. असं रडं त्याने या जन्मी कुणाचं आपल्यासाठी ऐकलं नव्हतं. डबा घट्ट धरून तो उभा राहिला. डोळे भरून आले. तेवढ्यात वरून शीळ आली, एकदम खणखणीत, पहिल्यासारखी. आणि दाराआड सगळं चिडीचूप.

तो उतरायला लागला. घर वाचलं होतं, मांजर वाचली होती, सगळं त्याला समजत होतं. पण इतक्या लगेच गप्प व्हायचं काही अडलं होतं का तिचं?