चीफसाहेबांची लांब प्रार्थना

चीफसाहेब डबा उघडायचे आणि डोळे मिटायचे. तिथपर्यंत ठीक होतं. पंचाईत अशी की ते लवकर उघडायचे नाहीत. "हे दयाळू बापा" अशी सुरुवात व्हायची आणि मग अमिरातीतल्या फुजैराच्या समुद्रात अडकून पडलेल्या खलाशांचा एकेक करून उल्लेख यायचा. नाव, गाव, जहाज. जणू त्याशिवाय देवाला पत्ता सापडणार नव्हता. तोवर आमची आमटी गार. एकदा ऑफिसातला देशपांडे म्हणाला, "चीफ, तुमच्या देवाला घाई नसेल, पण आपला लंच अवर एकच आहे." चीफ डोळे न उघडता म्हणाले, "मग तू जेव की. तुला कुणी धरून ठेवलंय?" अर्थात कुणीच जेवायला सुरुवात करत नसे.

चीफ मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. जहाजावरून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले, पत्नी वारली, घरी बसवेना. म्हणून फुजैरातल्या आमच्या शिपिंग एजन्सीत दुरुस्त्या बघायला आले. लाँचमधून रोज कुठल्या ना कुठल्या जहाजावर जायचे. संत वगैरे मुळीच नव्हते. एसीच्या रिमोटवरून भांडायचे, चर्चमध्ये मोठ्याने बेसूर गायचे, आणि माझ्या डब्यातली लसणीची चटणी न विचारता घ्यायचे.

प्रार्थनेत सगळ्यात जास्त टिकलेलं नाव मोईनचं. हा चितगावचा. त्याच्या जहाजाच्या मालकाने पगार थांबवले, फोन उचलणं सोडलं, आणि कोर्टाने जहाज अडकवलं. बाकीचे खलाशी हळूहळू घरी गेले. पण तेलाच्या बंदराजवळ जहाज रिकामं सोडता येत नाही, आणि कागदावर राखणदार म्हणून सही मोईनची होती. सही घेताना त्याला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. बदली माणूस आल्याशिवाय त्याला उतरता येईना, आणि बदली माणूस पाठवायचा तो त्या फोन न उचलणाऱ्या मालकाने. जहाजावर वीज नव्हती. मोईन समुद्रात असताना जन्मलेली त्याची मुलगी आता चालायला लागली होती. चीफ त्याच्यासाठी कांदे, पाणी आणि चार्ज केलेली पॉवर बँक घेऊन जायचे.

बंदराच्या ऑफिसातला कारकून चांगला होता, पण दर खेपेला "इन्शाल्ला" म्हणून वाटेला लावायचा. शेवटी एकदा चीफ त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "हबीबी, अल्ला ने तो कब का चाह लिया. मोहर आपके हाथ में है." तो हसला, पण मोहर काही उठली नाही.

चीफ याला सरळ गुलामगिरी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "चीफ, वाईट आहे खरं, पण गुलामगिरी म्हणजे फारच झालं. सिस्टमच तशी आहे."

चटणीकडे निघालेला त्यांचा हात थांबला. "माझे आजोबा वेठीला जायचे. पाटलाचा निरोप आला की हातातली भाकर टाकून निघायचं. तीही सिस्टमच होती."

आजोबा पुढे ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी घरात नियम घातला: जेवणाआधीची प्रार्थना सावकाश करायची, आणि ती चालू असताना दारात कुणीही हाक मारो, उठायचं नाही. "भाकरीसमोर निवांत बसता येतं तो माणूस सुटला," चीफ म्हणाले. "बाकीचे अजून वेठीलाच." त्यानंतर गार आमटीबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

मग एक दिवस कारकुनानेच वाट सांगितली: मालक माणूस देत नसेल तर दुसरा कुणी लायक माणूस आणा, कोर्ट चालवून घेईल. चीफनी आपलं जहाजावर काम करायचं सर्टिफिकेट हौसेने चालू ठेवलं होतं. त्यांनी स्वतःचंच नाव दिलं. पुण्याहून मुलाने फोनवर आकांडतांडव केलं. मलाही राग आला. हे वय, बीपी, वर इथला उन्हाळा. मी तसं बोललो, तर चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. म्हणाले, "'बापा, कुणाला तरी पाठव' असं मी रोज म्हणतो. तो माझ्याकडेच बघत असला तर?"

परवानगीचा फोन आला तो नेमका जेवणाच्या वेळी, प्रार्थना अर्धी झालेली असताना. लाँच लागली आहे, यल्ला, चला लवकर. चीफनी डोळे उघडले. भाकरी डब्याच्या झाकणात ठेवली आणि उठले. दोन घास खाऊन जा म्हटलं, तर थांबेनात. मग मला राहवलं नाही.

"शेवटी भाकर टाकून निघालातच ना, आजोबांसारखे?"

त्यांनी बॅग खांद्याला लावली. "आजोबांना न्यायचे. मी जातोय."

पुढे ते जहाज लिलावात विकलं गेलं. चीफ उतरले आणि तिथूनच नगरला गेले. गेल्या वर्षी वारले. माणूस जवळचा होता. बातमी ऐकून मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडलो.

चीफ जहाजावर निघाले त्या दुपारी मात्र लाँच परत येईपर्यंत आमच्यापैकी कुणी जेवलं नव्हतं. लाँचमधून मोईन आला. संध्याकाळी त्याचं विमान होतं. आम्ही त्याला चीफच्या खुर्चीवर बसवलं, तर तो कडेला टेकला. तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि तो अर्धा उठला. देशपांडे म्हणाला, "बैठो भाई, आराम से खाओ. यहाँ से तुम्हें कोई नहीं उठाएगा." मोईनने झाकणातली भाकरी घेतली आणि सावकाश खायला लागला.

प्रार्थना अर्धीच राहिली होती. आमच्यात ती कुणालाच येत नव्हती. मी डोळे मिटले आणि जेवढं माहीत होतं तेवढं म्हटलं. नाव चीफचं, गाव नगर, जहाज मोईनचं.