मशीनगन, एक नग

अण्णांची बंदूक जमा झाली की आमच्या घरी चहातलं दूध बंद व्हायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात ते बंदूक घेऊन उभे राहायचे. बंदूक त्यांची स्वतःची, दुनळी, लायसन्स त्यांच्या नावावर, म्हणून ठेकेदार त्यांना गनमनचा पगार द्यायचा. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. बँकेच्या कायम माणसांना सूट मिळायची, ठेकेदाराच्या माणसांना कोण विचारतो? बंदूक गेली की गनमनचा वॉचमन, तोही जागा असली तर. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, काही ना काही असायचंच. माझ्या बारावीच्या क्लासचे पैसे अशाच एका आचारसंहितेत गेले. मी क्लासशिवाय पास झाले. आज ते अभिमानाने सांगते, तेव्हा रडले होते.

लायसन्स नूतनीकरणाचा फॉर्म मी आठवीपासून भरायचे, कारण अण्णा चौथी शिकलेले आणि आई तेवढीही नाही. एका वर्षी बंदुकीच्या नंबरातला इंग्रजी तीन मी आठसारखा काढला. नंबर जुळत नाही म्हणून कचेरीने प्रकरण अडवलं आणि बंदूक चार महिने ठाण्यात पडली. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. चार महिने वखारीत पोती उचलली. तेव्हापासून कुठलाही आकडा दोनदा वाचल्याशिवाय मी सही करत नाही.

पुढे बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यात पहिली. लग्नानंतर शारजात रोल्ला भागात एका खोलीत राहिलो, आता अबू धाबीत अल रीम आयलंडवर आहोत. परदेशातून बदलून येणाऱ्यांचं घरसामान आणणाऱ्या एका कंपनीत मी कागद बघते, सामानाची यादी माझ्या सहीने कस्टम्सकडे जाते.

एकदा अमेरिकेहून एक इंजिनियर अबू धाबीत आला. बायको, मुली आणि सामान मागून येणार होतं. त्याने पाठवलेल्या यादीत सोफा, पियानो, मुलींच्या सायकली होत्या आणि एकशे अकराव्या ओळीत लिहिलं होतं, मशीनगन, एक नग, नोंदणीकृत.

मला वाटलं खेळणं असेल. फोन केला.

"नाही मॅम, खरी आहे," तो म्हणाला. "चालू स्थितीत. सगळे पेपर्स आहेत."

पेपर्स खरंच होते. त्याच्या राज्यात, ठरावीक सालाआधी सरकारकडे नोंदलेली जुनी मशीनगन साध्या नागरिकाला बाळगता येते. ठसे, चौकशी, कर, सगळं पार पाडून त्याने ती घेतली होती. त्याच्याच देशातल्या काही राज्यांत मात्र ती घरात ठेवली तर गुन्हा.

"माझं ड्रायव्हिंग लायसन्स इथे दहा मिनिटांत बदलून मिळालं," तो म्हणाला. "या लायसन्सचं काउंटर कुठे आहे?"

मी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पाचव्या वेळी पास झाले. दर वेळची फी दिरहॅममध्ये भरायची आणि रुपयांत हळहळायची. या माणसाचा मला जरा रागच आला, पण प्रश्न त्याने अगदी सरळ मनाने विचारला होता.

"सर, याचं काउंटर नाही," मी म्हटलं. "इथे सामानात एक काडतूस सापडलं तरी पोलीस येतात."

मॅनेजरसाहेब लखनौचे. त्या इंजिनियरच्या कंपनीचं काम वर्षभर आमच्याकडे यायचं, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक नाराज करायचं नव्हतं. "अरे मॅडम, डेकोरेटिव्ह आयटम लिख दो. दीवार पे टाँगेगा. बाकी कस्टम्सवाला देख लेगा, इन्शाल्ला."

"सर, सही मेरी है."

"तो साइन करो ना! यल्ला, जल्दी करो, कल पॅकिंग है उधर."

"नहीं करूँगी."

"आपका व्हिसा भी कंपनी का है, मॅडम. सोच लो."

ते खोटं नव्हतं. नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. तो आणि मुलगा, दोघेही माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली की तिघांचं सामान बांधायचं.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. सल्ला विचारायला नाही, बोलायला.

"मशीनगन?" अण्णा ओरडले. "घरात? साध्या माणसाकडे?"

"हो. लायसन्स आहे त्याच्याकडे."

"आणि निवडणुकीला कुठं जमा करतो?"

"तिकडे जमा करत नाहीत, अण्णा."

"मग निवडणूक कशी होते त्यांची?" बराच वेळ हसले. मग विचारलं, "तू कागदावर काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"मग फोन कशाला केलास? झोप जा."

सकाळी ऑफिसात जायच्या आधी मी इंजिनियरला पुन्हा फोन केला. ही वस्तू तुमच्या देशाबाहेर काढायलाही वेगळी परवानगी लागते, ती घेतली आहे का, असं विचारलं. त्याला ते माहीतच नव्हतं. घरच्या नियमांचा पक्का माणूस, पण घराबाहेरचा नियम त्याने कधी वाचला नव्हता. मी म्हटलं, "बंदरात कंटेनर उघडला तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारतील आणि दुसरा मला. तुमच्या मुली त्याच आठवड्यात विमानतळावर उतरणार आहेत."

तो म्हणाला, "एकशे अकरा खोडा."

"मी नाही खोडणार, सर. तुम्ही नवी यादी पाठवा, तुमच्या सहीने."

त्याने पाठवली. बंदूक तिकडच्याच एका परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली, आणि त्याची पावती मी न मागता मला पाठवली. पॅकिंग दोन दिवस लांबलं. मॅनेजरसाहेब आठवडाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. मी घरी दोन बॅगा काढून ठेवल्या होत्या, नवऱ्याला कारण सांगितलं नव्हतं.

कंटेनर आला. नेमका तोच कस्टम्सने पूर्ण उघडला, पियानोचं झाकणसुद्धा. यादीप्रमाणे सगळं जुळलं आणि सामान सुटलं. यादी वेळेवर बदलायला लावली म्हणून इंजिनियरने आमच्या हेड ऑफिसला आभाराचं पत्र लिहिलं. ते वाचून तिथून मॅनेजरसाहेबांना फोन आला. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "खलास, मॅडम. आगे से लिस्ट आप ही देखो."

पुढे कंपनीने तसा नियमच केला. आता माझी सही झाल्याशिवाय एकही कंटेनर भरला जात नाही, आणि आमच्या अबू धाबी ऑफिसची कम्प्लायन्स मॅनेजर मी आहे.